फ्रीबीएसडीवर ओपनजेडीके: पोर्ट कोण सांभाळतं, कसं सांभाळतं?

देवराई

आमच्याकडे साठवणीचे सर्व्हर फ्रीबीएसडी या युनिक्स-वळणाच्या ऑपरेटिंग सिस्टीमवर आहेत. कारण एकच, झेडएफएस ही फाइलसिस्टीम. त्याच यंत्रांवर जावामधली एक सेवा चालते: स्कॅन केलेले दस्तऐवज वाचायचे, त्यांची सूची करायची, शोध द्यायचा. हल्ली प्रत्येक बैठकीत एक प्रश्न निघतो, की जावाच्या मूळ प्रकल्पात फ्रीबीएसडीला स्थान नाही, मग आपण कुणाच्या भरवशावर आहोत? प्रश्न रास्त आहे. उत्तर शोधायला मी पोर्टच्या, म्हणजे जावा फ्रीबीएसडीवर चालावी म्हणून बदलून घेतलेल्या कोडच्या, आत शिरलो. तिथे जे दिसलं ते मराठीत कुठे वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

आधी एक गैरसमज. ओपनजेडीके म्हणजे जावाचा खुला मूळ प्रकल्प. त्याच्या कोडमध्ये हॉटस्पॉटच्या, म्हणजे जावा प्रोग्रॅम चालवणाऱ्या इंजिनाच्या, खाली लिनक्स, विंडोज, एआयएक्स यांच्या शेजारी 'बीएसडी' नावाचं फोल्डर आहे. ते पाहून वाटतं की झालं, बीएसडीची सोय आहे. प्रत्यक्षात तो कोड मूळ प्रकल्पात बांधला आणि तपासला जातो मॅकओएससाठी. २०११ मध्ये बीएसडीवाल्यांचं काम हॉटस्पॉटच्या मुख्य कोडमध्ये आलं आणि मॅकचा पोर्ट त्याच पायावर उभा राहिला. नाव बीएसडीचं राहिलं, तपासणी मॅकची होत गेली. त्यामुळे कुणी त्या फोल्डरात बदल केला आणि तो मॅकवर बांधला गेला, तर बदल आत जातो. फ्रीबीएसडीवर तो मोडला का हे कळतं नंतर, पोर्ट सांभाळणारा माणूस नवी आवृत्ती बांधायला बसतो तेव्हा.

आता जेव्हीएम (हेच जावा प्रोग्रॅम चालवणारं इंजिन) ऑपरेटिंग सिस्टीमकडे मागते तरी काय? माझा समज होता की फाइल, सॉकेट, थ्रेड एवढं पॉझिक्स या युनिक्स प्रणालींच्या सामाईक मानकाप्रमाणे मिळालं की काम झालं. तसं नाही. एक उदाहरण सविस्तर देतो, कारण सगळी गोम त्यात आहे.

जावात एखाद्या ऑब्जेक्टचं फील्ड वाचताना तो संदर्भ नल आहे का हे पाहावंच लागतं. प्रत्येक ठिकाणी तुलनेची सूचना घातली तर कोड फुगतो आणि मंदावतो. म्हणून जेआयटी कंपायलर (प्रोग्रॅम चालू असतानाच यंत्राचा कोड तयार करणारा भाग) शक्य तिथे ती तुलना गाळतो आणि सरळ पत्ता वाचतो. संदर्भ नल असेल तर पत्ता शून्याच्या जवळपास येतो. तिथे कोणतंच पान मॅप केलेलं नसतं, प्रोसेसर फॉल्ट देतो, कर्नल सिगसेगव्ही हा चुकीच्या पत्त्याचा सिग्नल पाठवतं. एरवी इथे प्रोग्रॅम मेला असता. जेव्हीएमने मात्र त्या सिग्नलसाठी स्वतःचा हँडलर लावलेला असतो. तो पाहतो की फॉल्ट झाला तेव्हा प्रोग्रॅम काउंटर कुठे होता. ती जागा आपण तयार केलेल्या कोडमधली असेल तर काउंटर बदलून अंमल नलपॉइंटर एक्सेप्शनच्या वाटेला लावतो. तुमच्या लॉगमध्ये दिसणाऱ्या कित्येक नलपॉइंटर एक्सेप्शनमागे असा कर्नलचा एक सिग्नल असतो.

हे सगळं करायला हँडलरला रजिस्टर हवेत. ते ज्या स्ट्रक्चरमध्ये मिळतात त्याची रचना पॉझिक्सने ठरवून दिलेली नाही. तोच इन्स्ट्रक्शन पॉइंटर फ्रीबीएसडीवर 'एमसी आरआयपी', ओपनबीएसडीवर 'एससी आरआयपी', आणि लिनक्स व नेटबीएसडीवर रजिस्टरांच्या अ‍ॅरेतला एक घटक. म्हणजे प्रत्येक प्रणालीसाठी आणि प्रत्येक प्रोसेसरसाठी हा भाग वेगळा लिहावा लागतो.

बरं, सिग्नल तरी एकच येतो का? संरक्षित पानाला हात लावला की काही प्रणाली सिगसेगव्ही देतात, काही सिगबस. फ्रीबीएसडीवर पूर्वी सिगबस यायचा. आवृत्ती ७ च्या काळात तो सिगसेगव्ही झाला. जुने प्रोग्रॅम मोडू नयेत म्हणून कर्नल आजही बायनरी कोणत्या आवृत्तीसाठी बांधलेली आहे हे पाहून कोणता सिग्नल द्यायचा ते ठरवतं. वेब सर्व्हर किंवा संपादकाला याचं सोयरसुतक नसतं. जेव्हीएमचं मात्र सगळं यावरच चालतं. कचरा गोळा करण्यापूर्वी सगळे थ्रेड थांबवायलाही ती असंच एक संरक्षित पान वापरते.

दुसरा भाग कमी रोचक, पण रोजचा. थ्रेडच्या स्टॅकचा पत्ता आणि आकार विचारण्याचं फंक्शन लिनक्सवर एका नावाचं, फ्रीबीएसडीवर दुसऱ्या नावाचं आणि वेगळ्या हेडरमधलं. अनेक सॉकेटांवर एकदम नजर ठेवायला लिनक्सवर ई-पोल, इथे के-क्यू. के-क्यूचा सिलेक्टर मूळ कोडमध्ये आहे, पण मॅकओएसच्या फोल्डरात. असे शेकडो छोटे फरक. एकेक फरक दुपारभराचं काम आहे. सगळे मिळून आणि दर आवृत्तीला, हा खरा भार आहे.

माझं म्हणणं असं: ही भिस्त पोर्ट सांभाळणाऱ्या मोजक्या लोकांवर आहे, आणि आपल्यासारखे वापरणारे तिथे नुसते घेत राहिलो तर ती फार काळ टिकणार नाही. ज्यांनी असं काही सांभाळलं आहे त्यांनी अनुभव लिहावा.

बाणकोट

देवराई, फार चांगला विषय काढलात. नलपॉइंटरचा भाग इतका सुटसुटीत मी कुठे वाचला नव्हता. मी थोडा इतिहास जोडतो, कारण आज मिळतं ते किती अडचणींतून आलंय हे नव्या लोकांना ठाऊक नसतं.

सन या जावाच्या मूळ कंपनीच्या काळात जावाचा सोर्स मिळायचा, पण मुक्त परवान्यावर नव्हे. सनच्या संकेतस्थळावर जायचं, परवाना मान्य करायचा, फाइल स्वतःच्या हाताने उतरवायची आणि पोर्ट्स ट्रीच्या (फ्रीबीएसडीवर सॉफ्टवेअर बांधण्याच्या कृतींच्या संग्रहाच्या) ठरलेल्या फोल्डरात ठेवायची. पोर्ट ती आपोआप आणू शकत नसे, आणि बांधलेली बायनरी वाटायला मनाई. फ्रीबीएसडीचे स्वयंसेवक फक्त पॅचेसचा संच प्रसिद्ध करू शकत. बाकी प्रत्येकाने आपापल्या यंत्रावर बांधायचं.

आणि बांधायचं कशाने? जावाचा कंपायलर जावातच लिहिलेला आहे. जेडीके, म्हणजे कंपायलरसह जावाचा पूर्ण संच, बांधायला आधी एक चालू जेडीके लागतो. फ्रीबीएसडीवर तो नव्हताच. मग लिनक्सचा तयार जेडीके फ्रीबीएसडीच्या लिनक्स सुसंगतीखाली चालवायचा आणि त्याच्याकडून आपला बांधून घ्यायचा. त्या काळच्या यंत्रांवर हा रात्रभराचा कार्यक्रम असे.

पुढे फ्रीबीएसडी फाउंडेशनने सनकडून रीतसर परवाना घेतला आणि २००६ मध्ये 'डायब्लो' या नावाने जावा ५ च्या तयार बायनरी दिल्या. डाउनलोड करा आणि वापरा. ज्यांनी आधीचे दिवस पाहिले होते त्यांना ती केवढी मोठी गोष्ट वाटली! त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सनने जावा जीपीएल या मुक्त परवान्याखाली खुली करत असल्याचं जाहीर केलं. हॉटस्पॉट आणि कंपायलर लगेच आले, बहुतेक क्लास लायब्ररी मे २००७ मध्ये. त्यानंतरच बीएसडीचा पोर्ट ओपनजेडीकेच्या छत्राखाली उघडपणे वाढू शकला.

कंपायलरची साखळी आजही आहे. जेडीके २१ बांधायला २० किंवा २१ लागतो, १७ ला १६ किंवा १७. म्हणून पोर्ट्स ट्रीमध्ये 'बूटस्ट्रॅप' नावाचे वेगळे पोर्ट आहेत. त्यात आधीच बांधून ठेवलेला छोटा जेडीके असतो. नवा प्रोसेसर आला की पहिला जेडीके दुसऱ्या यंत्रावर क्रॉस-कंपाइल करून आणावा लागतो. ही साखळी एका ठिकाणी तुटली की पुढचं सगळं थांबतं.

चिंचपोकळी

वाचायला मजा आली, पण मी विरुद्ध बाजू मांडतो. रोज सर्व्हर चालवणं हा माझा पोटापाण्याचा धंदा आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.

जावाचे निर्माते ज्यावर तपासतात त्यावर जावा चालवा. बीहाइव्ह या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या साधनात एक लिनक्स मशीन टाका आणि त्यात जेडीके ठेवा. नाहीतर लिनक्स सुसंगतीच्या थराखाली लिनक्सचीच बायनरी चालवा. दोन्ही फ्रीबीएसडीत आयते आहेत. मग मूठभर स्वयंसेवकांनी हॉटस्पॉटच्या पोटात शिरून रजिस्टरांची नावं बदलत बसण्याची गरज काय? मध्यरात्री सेवा पडली तर व्यवस्थापक मला विचारणार, की अधिकृत नसलेली गोष्ट तुम्ही का वापरलीत? माझ्याकडे उत्तर नसेल.

देवराई

चिंचपोकळी, तुमचा मुद्दा बिनतोड आहे तिथे मान्य करतो: सेवा फक्त नेटवर्कवर बोलत असेल, डिस्कशी तिचं फार देणंघेणं नसेल, तर लिनक्स मशीन टाकणं हेच शहाणपणाचं.

आमची गोष्ट वेगळी आहे. सेवा झेडएफएसवरच्या लाखो फाइल वाचते. झेडएफएस आपली कॅशे, म्हणजे एआरसी, यजमानाच्या मेमरीत ठेवतं. त्यावर व्हर्च्युअल मशीन टाकलं की आतलं लिनक्स त्याच फाइलींची स्वतःची पेज कॅशे ठेवणार. तीच माहिती मेमरीत दोनदा. फाइली आत पोचवायला वर एनएफएस (नेटवर्कवरून फाइली पुरवणारं) किंवा तत्सम आणखी एक थर. जेल (फ्रीबीएसडीतला वेगळा केलेला कप्पा) वापरलं की यातलं काहीच लागत नाही: एकच कर्नल, एकच कॅशे, आणि डेटासेट थेट जेलमध्ये दिसतो.

लिनक्स सुसंगतीचा थर मला आवडतो, बाणकोट म्हणतात तसा जेडीके बांधण्यासाठी त्याने मोलाची साथ दिली आहे. पण जेव्हीएम ही सिस्टीम कॉलच्या कानाकोपऱ्यांत शिरणारी वस्तू आहे: फ्युटेक्स (थ्रेडची कुलपं), सिग्नलचे बारकावे, प्रॉक (प्रोसेसची माहिती) आणि सीग्रुपच्या (प्रोसेसवरच्या मर्यादा) फाइली. त्या थरात ई-पोल के-क्यूवर रचलेला आहे, प्रॉक वेगळ्या फाइलसिस्टीमने पुरवलेलं आहे. अडचण आली तर दोष जावाचा, थराचा की कर्नलचा हे शोधताना तीन ठिकाणी पाहावं लागतं. नेटिव्ह पोर्टमध्ये डीट्रेस हे चालू प्रणालीच्या आत पाहण्याचं साधन लावून मी थेट खालपर्यंत पाहू शकतो.

व्यवस्थापकांच्या प्रश्नाला माझं उत्तर: आम्ही स्वतः टेस्ट चालवतो आणि निकाल दाखवतो.

रानजाई

मी गो भाषा आणि ओपनबीएसडीच्या बाजूने लिहिते. रनटाइम वेगळा, दुखणं तेच.

ओपनबीएसडीने ६.० पासून (२०१६) नियम लागू केला: मेमरीचं पान एकाच वेळी लिहिता येणारं आणि चालवता येणारं असू शकत नाही. जेआयटीवाल्या प्रत्येक रनटाइमला हा धक्का होता, कारण कोड लिहायचा आणि तिथेच चालवायचा हीच त्यांची रीत. ज्या प्रोग्रॅमला सूट हवी त्याच्या बायनरीवर लिंकरकडून खूण करून घ्यायची, आणि तो ज्या फाइलसिस्टीमवर आहे ती तशी मुभा देऊन माउंट केलेली हवी. दोन्ही असेल तरच चालतं. जावा ओपनबीएसडीवर चालते ती या सवलतीत. पुढे हीच दिशा इतरांनीही धरली. अ‍ॅपलच्या एआरएम चिपवर जेव्हीएमला लिहिण्याची आणि चालवण्याची मुभा थ्रेडनिहाय आलटूनपालटून घ्यावी लागते. जेडीके १७ मधल्या मॅक एआरएम पोर्टमध्ये ते काम केलं गेलं.

गोचं दुखणं सिस्टीम कॉलचं. गोचा रनटाइम मूळचा लिबसीला (प्रणालीच्या मूळ सी लायब्ररीला) वळसा घालून थेट कर्नलला हाक मारायचा. लिनक्सवर ते खपतं, कारण तिथे सिस्टीम कॉलचे क्रमांक आणि अर्थ बदलायचे नाहीत हा दंडक आहे. ओपनबीएसडीत कर्नल आणि लिबसी एकत्र विकसित होतात, आणि बाहेरच्यांशी करार असतो तो लिबसीचा. ५.५ मध्ये (२०१४) त्यांनी टाइम-टी हा वेळ साठवण्याचा प्रकार सगळीकडे ६४ बिटांचा केला तेव्हा सरळ जुनी सुसंगती सोडली आणि सगळं पुन्हा बांधा म्हणून सांगितलं. नंतर सुरक्षेसाठी नियम आला की सिस्टीम कॉल ठरलेल्या जागेतूनच यायला हवा, नाहीतर कर्नल प्रोसेस मारतं. मग गो १.१६ मध्ये (फेब्रुवारी २०२१) ओपनबीएसडीच्या ६४ बिट इंटेल आणि एआरएम पोर्टना लिबसीमार्फत बोलायला लावलं गेलं. मॅकओएसवर हेच १.१२ मध्ये झालं होतं.

फ्रीबीएसडीची रीत निराळी. १२.० मध्ये आयनोड क्रमांक ६४ बिटांचे झाले, फाइलची माहिती देणारं स्टॅटचं स्ट्रक्चर बदललं. पण लिबसीतल्या फंक्शनांना आवृत्त्यांची लेबलं असल्यामुळे जुन्या बायनरी जुन्या फंक्शनशी जोडलेल्या राहिल्या आणि चालत राहिल्या. रस्ट भाषेने याचा आधार घेत बराच काळ जुन्या रचनेवरच काढला. पोर्ट करणाऱ्याने आधी आपली प्रणाली करार कुठे मानते ते ओळखावं. बाकी सगळे निर्णय त्यावरून ठरतात.

देवराईंच्या मूळ मुद्द्याला दुजोरा म्हणून एक गोष्ट. गो प्रकल्पात नवा पोर्ट आत घ्यायचा तर किमान दोन माणसं जबाबदारी घेणारी हवीत आणि सतत टेस्ट चालवणारं यंत्र हवं. ते यंत्र बंद पडलं आणि कुणी लक्ष घातलं नाही तर पोर्ट काढला जाऊ शकतो. कठोर वाटतं, पण यामुळे मोडतोड त्याच दिवशी दिसते.

मोदकपात्र

माझा संबंध फक्त वापरण्याशी आहे, पण फ्रीबीएसडीवर जावा चालवताना आलेल्या दोन अडचणी लिहितो. कुणाचे तरी तास वाचतील.

पहिली, मराठी पीडीएफ. आमच्या अहवालांत जोडाक्षरं फुटायची. जेडीके ८ मध्ये अक्षरमांडणीचं इंजिन जुनं आयसीयूचं होतं. जेडीके ९ पासून त्याजागी हार्फबझ आलं आणि देवनागरीत मोठा फरक पडला. पण नुसता जेडीके बदलून भागत नाही. ओपनजेडीके स्वतःबरोबर फाँट देत नाही, आणि सर्व्हरवर डेस्कटॉप नसल्याने फाँटकॉन्फिग आणि एकही देवनागरी फाँट नसतो. नोटोचा देवनागरी फाँट आणि फाँटकॉन्फिग दोन्ही पॅकेजं हाताने बसवली, तेव्हा 'क्ष' आणि 'र्‍या' सरळ आले.

दुसरी, वेळेचा विभाग. एका यंत्रावर जावा 'एशिया/कोलकाता' सांगायची, दुसऱ्यावर 'एशिया/कलकत्ता'. वेळ एकच, नाव वेगळं, आणि आमचा एक जुना कार्यक्रम नावाची तुलना करायचा. याचं कारण कुणी सांगेल का?

बाणकोट

सांगतो. जावाला विभागाचं नाव हवं असतं. इटीसीमधली 'लोकलटाइम' ही फाइल सिमलिंक असेल तर ती कुठे जाते त्यावरून नाव मिळतं. फ्रीबीएसडीच्या बऱ्याच यंत्रांवर ती सिमलिंक नसून प्रत असते. मग जावा झोनइन्फोच्या फोल्डरात फिरते आणि जिचा मजकूर अगदी तसाच आहे अशी पहिली फाइल शोधते. कोलकाता आणि कलकत्ता यांच्या फाइली आत सारख्याच, त्यामुळे जी आधी हाती लागेल तिचं नाव. सेवा सुरू करताना टीझेड हे व्हेरिएबल ठरवून द्या किंवा जावाला विभागाचं नाव स्पष्ट सांगा. प्रश्न मिटतो.

लोणार

नमस्कार. मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मला यात काम करायचं आहे, अगदी मनापासून. सी++ येते, कर्नल थोडं वाचलंय. लॅपटॉपला ८ जीबी रॅम आहे. बाणकोट काका, कुठून सुरुवात करू? हॉटस्पॉट उघडून पाहिलं तर दिशाच कळेना.

बाणकोट

लोणार, हॉटस्पॉटपासून सुरुवात करू नकोस. आधी पोर्ट्स ट्रीची वळणं शिक. तीस हजारांहून जास्त पोर्ट आहेत आणि त्यातल्या पुष्कळांना मेंटेनर नाही. त्यांच्या मेंटेनरच्या जागी पोर्ट्सच्या सामाईक यादीचा पत्ता असतो. त्यातला एखादा छोटा, आवृत्ती मागे पडलेला पोर्ट घे. नवी आवृत्ती लाव, चेकसमची फाइल नव्याने कर, पॅच बसतात का बघ, पोर्टलिंट हे तपासणीचं साधन चालव. मग पुद्रिएरमध्ये बांध. पुद्रिएर प्रत्येक वेळी कोऱ्या जेलमध्ये बांधतं, त्यामुळे तुझ्या यंत्रावर योगायोगाने असलेल्या लायब्ररीच्या जिवावर बांधलेलं पितळ तिथे उघडं पडतं. मग बगझिलावर, म्हणजे बगांच्या नोंदवहीत, पाठव. पोर्टला मेंटेनर असेल आणि त्याने दोन आठवडे उत्तर दिलं नाही, तर कमिटर (बदल आत घेण्याचा अधिकार असलेला) तुझा बदल घेऊ शकतो, तसा नियमच आहे. तेव्हा शांतता दिसली तर निराश होऊ नकोस.

हे दोनचार वेळा केलंस की जावाकडे ये. तिथेही पहिलं काम कोड लिहिण्याचं नको. जेटीरेग नावाचं टेस्ट चालवण्याचं साधन आहे, त्यातून 'टियर १' चा, म्हणजे पायाभूत टेस्टचा, संच चालव. काही टेस्ट पडतील. त्यातली एक निवड आणि ती का पडते याचा तळ गाठ. बरेचदा टेस्टच लिनक्स गृहीत धरून लिहिलेली असते: प्रॉकमध्ये अमुक फाइल असेल, अमुक आज्ञेला अमुक पर्याय असेल. अशी एक टेस्ट दुरुस्त केलीस तरी पुढच्या प्रत्येकाचा वेळ वाचतो. ८ जीबीत बांधता येईल, समांतर कामांची संख्या कमी ठेव.

रानजाई

लोणार, यात एक भर. कंपायलर बदलला की काय होतं ते मुद्दाम वाच. हॉटस्पॉटच्या जुन्या कोडमध्ये सदस्य फंक्शनात 'धिस' नल आहे का असं तपासलेलं असायचं. सी++ च्या नियमांनुसार तो कधीच नल नसतो, म्हणून जीसीसी ६ ने ती तपासणीच काढून टाकली आणि बांधलेली जेव्हीएम कोसळू लागली. तात्पुरता उपाय एका कंपायलर पर्यायाचा होता, खरा उपाय कोड सुधारण्याचा. फ्रीबीएसडीने तर १०.० पासून (२०१४) मूळ कंपायलर क्लँग केला. ओळ न बदलता प्रोग्रॅम मोडू शकतो, हे ज्याने एकदा पाहिलं त्याला टेस्टची किंमत वेगळी सांगावी लागत नाही.

चिंचपोकळी

वाचतोय, आणि मत थोडं हललंय हे मान्य. तरी एक प्रश्न उरतोच. सोलारिस ही सनची स्वतःची प्रणाली, जावाचं माहेर. जेडीके १४ मध्ये सोलारिस आणि स्पार्क या सनच्या प्रोसेसरचे पोर्ट निवृत्तीच्या यादीत टाकले आणि १५ मध्ये (२०२०) काढून टाकले. जिथे माहेरची ही गत, तिथे फ्रीबीएसडीच्या पोर्टचं भवितव्य काय? स्वयंसेवक थकले की संपलं.

देवराई

सोलारिसचं उदाहरण मी उलट बाजूने वाचतो. तो पोर्ट काढला, कारण त्याचा भार पुढे वाहायला कुणी तयार नव्हतं. काढल्यानंतरही इल्युमॉसवाले (खुल्या सोलारिसचे वारसदार) पॅच सांभाळून नवे जेडीके बांधत आहेत, पण आता प्रत्येक बदल त्यांना बाहेरून झेलावा लागतो. याच्या शेजारी एआयएक्स ठेवा. वापरणारे लिनक्सच्या मानाने किती थोडे! तरी जेडीके ८ च्या काळात तो पोर्ट मुख्य कोडमध्ये आला आणि आजही आहे, कारण सॅप आणि आयबीएमची माणसं आत बसून काम करतात. कुणी सामाईक कोड बदलला आणि एआयएक्स मोडलं तर ते त्याच आठवड्यात दुरुस्ती पाठवतात. अल्पाइन लिनक्सचा, म्हणजे मसल लिबसीचा पोर्टही असाच बाहेर वाढला आणि जेडीके १६ मध्ये आत आला.

फ्रीबीएसडीसाठीही मला हाच मार्ग दिसतो. पॅच आपल्या शाखेत सांभाळत बसलं की दर सहा महिन्यांनी येणाऱ्या नव्या आवृत्तीवर ते सगळे पुन्हा बसवावे लागतात. शिवाय जानेवारी, एप्रिल, जुलै, ऑक्टोबर या महिन्यांत सुरक्षा दुरुस्त्या येतात, आणि एकाच वेळी ८, ११, १७, २१, २५ अशा अनेक शाखांवर. सुरक्षा गटाबाहेरच्यांना त्या दुरुस्त्या जाहीर होण्याच्या दिवशीच दिसतात. जग घाईने अपडेट करत असतं, तेव्हा आपला मेंटेनर पॅच बसवायला सुरुवात करत असतो. जो पॅच मुख्य कोडमध्ये गेला तो या फेऱ्यातून कायमचा सुटला. फ्रीबीएसडी फाउंडेशननेही अलीकडे या कामाला पैसे दिले आहेत.

वाट ठरलेली आहे. ओरॅकलच्या योगदान करारावर सही, बग नोंदवायचा, आणि २०२० पासून प्रकल्प गिटहबवर आला असल्याने पुल रिक्वेस्ट. बदल छोटे हवेत, एका वेळी एकच विषय. 'फ्रीबीएसडी आणतो' म्हणून हजार ओळी एकदम टाकल्या तर कुणी वाचणार नाही. पण 'ही टेस्ट प्रॉकवर विसंबून आहे, ती अशी सुटते' हे चटकन वाचलं जातं, आणि त्याने लिनक्सचंही भलं होतं.

आमच्याकडे एक यंत्र मोकळं आहे, ते यासाठी वापरायची परवानगी मिळाली आहे. ऑक्टोबरच्या दुरुस्त्या आल्या की त्यावर १७ आणि २१ चा टियर १ चालवून निकाल इथे टाकेन, आणि पडलेल्या टेस्टची कारणं पोर्टच्या मेंटेनरना कळवेन. लोणार, पडलेल्या टेस्ट तू वाटून घेशील का? रानजाई, एआरएम यंत्र तुमच्याकडे आहे असं दिसतं.

रानजाई

आहे. फ्रीबीएसडी १४ वर आहे, जेडीके २१ बांधून घेते. एआरएमचे निकाल मी टाकेन.

लोणार

हो, नक्की! सुरुवातीला प्रोसेस सुरू करण्याशी संबंधित टेस्ट घेऊ का? तो भाग वाचलाय.

देवराई

घे. तिथे पाहण्यासारखं आहे. जावा नवी प्रोसेस सुरू करताना मुलाकडे गेलेले नको ते फाइल डिस्क्रिप्टर बंद करते, आणि कोणते उघडे आहेत हे डेव्हमधल्या एफडी या फोल्डरात बघते. फ्रीबीएसडीवर एफडेस्क फाइलसिस्टीम माउंट केलेली नसेल तर त्या फोल्डरात फक्त शून्य, एक आणि दोन दिसतात. बाकीचे जावाला दिसत नाहीत, म्हणून बंदही होत नाहीत. पॅकेज बसवताना एफडेस्क आणि प्रॉक माउंट करा असा निरोप छापला जातो तो याचसाठी. टेस्ट चालवण्यापूर्वी दोन्ही एफस्टॅबमध्ये (माउंटच्या यादीत) घाल, नाहीतर खोट्या अपयशांच्या मागे लागशील.

चिंचपोकळी

ठीक. एका जेलमध्ये प्रयोग म्हणून आमची एक छोटी सेवा हलवतो. सुरुवात करतानाच काय सांभाळायचं?

देवराई

तीन गोष्टी. जेलच्या कॉन्फिगमध्ये एफडेस्क आणि प्रॉक माउंट करण्याच्या दोन ओळी घाला. यजमानावर माउंट असून उपयोग नाही, जेलच्या आत हवेत. दुसरं, हीपची, म्हणजे जावाच्या ऑब्जेक्टांसाठीच्या मेमरीची, कमाल मर्यादा स्वतः द्या. काही सांगितलं नाही तर जेव्हीएम एकूण मेमरीचा चौथा हिस्सा धरते, आणि जेलच्या आतून तिला दिसते ती अख्ख्या यजमानाची मेमरी. लिनक्सवर सीग्रुपची मर्यादा ती स्वतः ओळखते, त्या सवयीवर इथे विसंबू नका. तिसरं, झेडएफएसच्या एआरसीलाही वरची मर्यादा घाला. हीप आणि एआरसी मिळून यंत्राच्या मेमरीत बसतात का ते आधी कागदावर मांडा, मग सेवा सुरू करा. अडलं तर जेलचं कॉन्फिग इथेच टाका, बघतो.